पठारावरचा हिवाळा: महाराष्ट्राच्या थंडीची पार्श्वभूमी

पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी किमान तापमान १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते, आणि शहराच्या नोंदींतला तो आजवरचा नीचांक आहे. मुंबईत सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची, तर नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांची नोंद झाली. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून, गुजरात आणि मध्य प्रदेशातून जाते. म्हणजे भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे हे सारे राज्य उष्ण कटिबंधात मोडते आणि येथे खऱ्या अर्थाने हिवाळा असण्याचे कारण नाही. तरीही दिवाळी सरली की पठारावर पहाटेचा गारठा सुरू होतो, शेकोट्या पेटतात, आणि कोरडवाहू पट्ट्यातल्या लाखो घरांची वर्षभराची भाकरी या तीन-साडेतीन महिन्यांवर ठरते. पावसाळ्याविषयी आपल्याकडे जितके लिहिले, मोजले आणि बोलले जाते, त्याच्या दशांशही हिवाळ्याविषयी बोलले जात नाही. मान्सूनचे आगमन ही राज्याची बातमी असते, थंडीचे आगमन मात्र वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या छायाचित्रापुरते उरते. ही उपेक्षा परवडणारी नाही, कारण या राज्याच्या अवर्षणप्रवण भागाने जगण्याची जी रीत शतकानुशतके बसवली, तिचा निम्मा आधार हिवाळा आहे.

ऋतूंचे मूळ कारण पृथ्वीच्या आसाच्या कलण्यात आहे. हा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे डिसेंबरमध्ये उत्तर गोलार्ध सूर्यापासून दूर झुकतो, किरण तिरपे पडतात आणि दिवस लहान होतो. सूर्य लांब गेला म्हणून थंडी पडते ही समजूत अजूनही पुष्कळांच्या मनात असते, पण वस्तुस्थिती उलट आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैमध्ये सर्वांत दूर, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या मध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश उंचीवर असतो, तर दिल्लीत तो जेमतेम ३८ अंशांवर चढतो. दिवस पुण्यात त्या वेळी सुमारे ११ तासांचा असतो, जूनमध्ये तो सव्वातेरा तासांच्या आसपास पोहोचतो. म्हणजे दख्खनमध्ये दिवसाच्या उन्हात तूट पडते, पण ती मध्यम असते, आणि म्हणूनच जानेवारीतही पुण्याची दुपार ३० अंशांच्या आसपास तापते. आपल्याकडचा हिवाळा हा दिवसाचा कमी आणि रात्रीचा जास्त आहे. येथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला असला तरी सर्वांत लवकर होणारा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास येतो आणि सर्वांत उशिरा होणारा सूर्योदय जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला असल्यामुळे सूर्याची मध्यान्ह घड्याळाच्या तुलनेत पुढेमागे सरकत राहते, त्याचा हा परिणाम. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो, आणि तो वाढतोही. पण ती वाढ संध्याकाळच्या बाजूने होत असते. सकाळ त्या दिवसांत अजून उशिराचीच असते. शाळेला आणि शेतावर निघणाऱ्यांना जानेवारीची पहाट डिसेंबरहून जड वाटते ती उगाच नाही.

रात्र इतकी थंड का होते, याचे उत्तर आकाशात आणि जमिनीत दोन्हीकडे आहे. ऑक्टोबरमध्ये नैऋत्य मोसमी वारे माघारी गेले की पठारावरची हवा कोरडी होते. ढग आणि बाष्प हे दोन्ही जमिनीची उष्णता रात्री अडवून धरतात; ते नसले की दिवसभर तापलेली जमीन सूर्यास्तानंतर आपली उष्णता थेट आकाशात सोडत राहते. वारा पडलेला असेल तर जमिनीलगतची गार आणि जड हवा उताराने खाली सरकते आणि नदीखोऱ्यात साचते. निफाडची थंडी याच घडणीतून आली आहे. गोदावरी आणि कादवेच्या खोऱ्यातला हा सखल, मोकळा आणि बागायती प्रदेश. तेथील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या तापमापकाने अनेक हिवाळ्यांत ५ अंशांच्या खालचा आकडा दाखवला आहे. उलट महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच असूनही गावातले किमान तापमान अनेकदा निफाडहून जास्त असते, आणि तेथे दव गोठून पांढरे कण दिसतात ते प्रामुख्याने वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखल भागात. उंचीपेक्षा खोलगटपणा रात्रीच्या थंडीला अधिक पोषक ठरतो, ही गोष्ट शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असते.

याला जोड मिळते ती उत्तरेच्या वाऱ्याची. मध्य आशियातला अतिशीत वारा हिमालयामुळे भारतात थेट उतरू शकत नाही, अन्यथा गंगेच्या मैदानाचे रूपच वेगळे झाले असते. पण भूमध्य समुद्राच्या परिसरात उगम पावून इराण, अफगाणिस्तानमार्गे येणारे पश्चिमी झंझावात हिवाळ्यात एकामागून एक वायव्य भारतात पोहोचतात. काश्मीर आणि हिमाचलात ते हिमवृष्टी करतात, पंजाब-हरयाणात गव्हाला लागणारा पाऊस देतात, आणि ते पूर्वेकडे सरकले की त्यांच्या पाठोपाठ कोरडा गार वारा राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून खानदेशात, विदर्भात आणि मग पठारावर उतरतो. थंडीची लाट धुळे, जळगाव, नाशिक आणि नागपूरकडे आधी जाणवते आणि सोलापूर-कोल्हापूरकडे ती सौम्य होत जाते, याचे कारण हा मार्ग आहे. कोकणाला समुद्र सांभाळून घेतो. तेथे हिवाळा म्हणजे उकाड्याला मिळालेली सवलत, आणि दापोलीसारखी पठारी ठिकाणे सोडली तर कडाका म्हणावा असा क्वचितच. हवामान खात्याच्या निकषांतही हा भेद धरलेला आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी झाले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक खाली असले तर थंडीची लाट जाहीर होते. किनारपट्टीसाठी ही मर्यादा १५ अंशांची आहे.

या साऱ्या मोजमापाच्या इतिहासात पुण्याचे स्थान मोठे आहे. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे मुख्यालय आधी कलकत्त्याला होते, मग ते शिमल्याला गेले, १९२८ मध्ये पुण्यात आले आणि १९४४ मध्ये दिल्लीला हलले. शिवाजीनगरची ती इमारत आणि तिच्यासमोरचा चौक पुणेकरांच्या बोलण्यात आजही 'शिमला ऑफिस' म्हणूनच ओळखला जातो. याच पुण्यात १९३२ मध्ये कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा एल. ए. रामदास या शास्त्रज्ञाकडे आली. सी. व्ही. रामन यांचे ते विद्यार्थी. त्याच वर्षी त्यांनी आत्मनाथन यांच्यासह जे निरीक्षण प्रसिद्ध केले, त्याने जगभरचे हवामानशास्त्रज्ञ गोंधळात पडले. निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड जागा जमिनीचा पृष्ठभाग असला पाहिजे असे तोवर गृहीत होते. रामदासांना उघड्या जमिनीपासून काही सेंटिमीटर ते हातभर उंचीवरची हवा जमिनीपेक्षाही काही अंशांनी थंड आढळली. पुष्कळांना ही उपकरणाची चूक वाटली आणि अनेक वर्षे ते निरीक्षण वादात राहिले. पुढे ते पुन्हा पुन्हा खरे ठरले, तो थर 'रामदास थर' म्हणून ओळखला जाऊ लागला आणि १९९० च्या दशकात बंगळुरूमध्ये रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे गणिती स्पष्टीकरण मांडले. त्यावरचे संशोधन त्यानंतरही चालू राहिले. हरभऱ्याचे रोप, कांद्याची पात, भाजीपाल्याचे वाफे नेमके याच उंचीवर उभे असतात, हे लक्षात घेतले की या शोधाचे मोल कळते. महाराष्ट्राच्या थंडीविषयी झालेले हे बहुधा सर्वांत महत्त्वाचे शास्त्रीय काम, आणि शालेय पुस्तकांत त्याला दोन ओळी तरी मिळायला हव्यात.

हिवाळा कधी सुरू होतो आणि कधी संपतो, याविषयी मात्र एकवाक्यता नाही. लोकव्यवहारात कार्तिक ते माघ हे चार महिने हिवाळ्याचे. सहा ऋतूंच्या परंपरेत मार्गशीर्ष-पौष हा हेमंत आणि माघ-फाल्गुन हा शिशिर. हवामान खात्याच्या ऋतूविभागणीत जानेवारी आणि फेब्रुवारी एवढेच हिवाळ्याचे महिने आहेत, डिसेंबर हा मान्सूनोत्तर काळात धरला जातो. संक्रांतीचे तर स्थानच सरकते आहे. उत्तरायणाचा आरंभ आणि मकर संक्रांत या दोन घटना सुमारे सतराशे वर्षांपूर्वी एकत्र येत होत्या. संपातबिंदूच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असताना सूर्य आकाशात जेथे दिसतो त्या बिंदूच्या, सरकण्यामुळे त्या दर सत्तर-बहात्तर वर्षांत साधारण एका दिवसाने दूर होत गेल्या आणि आज त्यांच्यात तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने हा विसंवाद दूर करण्याचा प्रयत्न केला. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत पौष महिना २२ डिसेंबरला, म्हणजे खऱ्या उत्तरायणाबरोबर सुरू होतो. सण मात्र जुन्याच गणिताने साजरे होत राहिले, आणि तसे होणे स्वाभाविकही होते.

पानिपतच्या संदर्भात संक्रांतीची आठवण हमखास निघते. १४ जानेवारी १७६१ ही लढाईची तारीख. पण वरच्या हिशेबाने त्या काळी संक्रांत त्याच्या तीन-चार दिवस आधी येऊन गेलेली होती. तिथीच्या योगापेक्षा त्या हिवाळ्याचे वास्तव अधिक कठोर होते. नोव्हेंबर १७६० पासून भाऊसाहेबांचे सैन्य पानिपतला अडकून पडले. त्यांना रसद पोहोचवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले आणि दख्खनच्या सौम्य थंडीत वाढलेली माणसे व जनावरे धान्य, वैरण आणि सरपणावाचून उत्तरेच्या पौषातल्या गारठ्याला सामोरी गेली. पराभवाची कारणे अनेक आहेत, पण उपाशी सैन्याच्या वाट्याला आलेल्या त्या थंडीला त्यांत गौण मानता येत नाही.

एरवी हिवाळा हा मराठी सैन्याचा अनुकूल काळ होता. पावसाळ्यात नद्या दुथडी भरलेल्या, वाटा चिखलाच्या, तोफा आणि बैल हलणे अशक्य. म्हणून छावण्या पडत. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत त्या वळवाच्या पावसापर्यंत. प्रतापगडचा प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा, पन्हाळा त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत घेतला गेला, सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ ची. सैन्याच्या वाटा मोकळ्या होत तशाच इतरांच्याही होत. आळंदीची कार्तिक वद्य एकादशी, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा, साताऱ्याजवळच्या पालची पौषातली यात्रा, सोलापूरचा सिद्धेश्वराचा गड्डा हे सारे याच महिन्यांत येते. खरिपाचे धान्य घरात आलेले, पाणी अजून आटलेले नाही, ऊन सोसवणारे, अशा वेळी जनावरांचा बाजार, सोयरीक आणि देवदर्शन एकाच फेरीत उरकता येई. फलटण, माण, खटावकडचे धनगरही दसरा-दिवाळीनंतर आपले वाडे, म्हणजे मेंढरांचे कळप आणि बिऱ्हाडे, घेऊन पश्चिमेकडे, काही घाट उतरून कोकणात जात. वाटेवरच्या शेतांत मेंढरे बसवून ते खत देत आणि बदल्यात धान्य घेत. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ के. सी. मल्होत्रा यांनी या भटकंतीचा अभ्यास करून दाखवले, की वेगवेगळ्या गटांचे चराईचे मुलूख परंपरेने ठरलेले होते. दख्खनी मेंढीची राठ लोकर आणि तिच्यापासून सनगरांनी विणलेली घोंगडी ही याच व्यवस्थेची देणगी. पाऊस, थंडी आणि अंथरूण या तिन्ही गरजा एक घोंगडी भागवत असे.

हिवाळ्याचे सर्वांत मोठे देणे मात्र रब्बीची ज्वारी आहे. देशातल्या बहुतेक प्रांतांत ज्वारी हे पावसाळी पीक. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव, परभणी आणि सांगलीच्या पूर्व भागात ती हिवाळ्यात पिकते. त्यामागे मोठे शहाणपण आहे. या पट्ट्याच्या बऱ्याच भागात वर्षाला ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि सोलापुरात तर त्याचा जोर जून-जुलैपेक्षा सप्टेंबरात असतो. पावसाच्या सुरुवातीवर विश्वास ठेवून पेरणे धोक्याचे. म्हणून खोल काळी जमीन पावसाळाभर उघडी ठेवायची, कुळवून तयार करायची, तिच्यात ओल मुरू द्यायची आणि उत्तरा-हस्ताच्या सुमारास पेरायचे. पेरणीनंतर पाऊस पडला तर पडला. पुढचे चार महिने पीक जमिनीत साठलेल्या ओलीवर उभे राहते, आणि हे शक्य होते ते थंडीमुळे. हवा गार असल्याने पानांतून पाणी कमी उडते, पहाटेचे दहिवर पानावर असेपर्यंत तर ते जवळजवळ थांबते. उन्हाळ्यात महिनाभरात संपली असती अशी ओल हिवाळ्यात कणसात दाणा भरेपर्यंत पुरते.

ही रीत शेतकऱ्यांनी घडवली आणि शास्त्रज्ञांनी ती पारखून पक्की केली. कृषिशास्त्रज्ञ न. वि. कानिटकर यांनी १९२३ पासून पुण्याजवळ मांजरीला आणि १९३३ पासून सोलापूरला कोरडवाहू शेतीचे प्रयोग चालवले. बांधबंदिस्ती, ठरावीक वर्षांनी खोल नांगरट, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी असे जे तंत्र त्यातून उभे राहिले, ते 'मुंबई कोरडवाहू पद्धत' म्हणून देशभर ओळखले गेले. 'एक कोळपणी, अर्धे पाणी' हे शिवारात ऐकू येणारे वचन त्या तंत्राचे सार आहे. जमिनीला पडणाऱ्या भेगा बुजवल्या की खालची ओल टिकते. त्याच दशकात मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून 'मालदांडी ३५-१' हे वाण तयार झाले आणि पाऊण शतकाहून अधिक काळ ते शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरले. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात, आणि तेथील मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. दाण्याइतकेच कडब्यालाही महत्त्व आहे. उन्हाळ्यात जनावरे जगतात ती या कडब्यावर, आणि ज्वारी बुडाली की माणसाच्या आधी गोठा रिकामा होतो. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी मंडळी दाण्यापेक्षा वैरणीविषयी अधिक बोलतात, ती यासाठी.

डिसेंबरच्या अखेरीस कणसात दूध भरून दाणा घट्ट होऊ लागतो, तो हुरड्याचा काळ. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसे निखाऱ्यात भाजायची, हातावर चोळून दाणे मोकळे करायचे आणि शेंगदाण्याच्या किंवा लसणाच्या चटणीबरोबर खायचे. सुरती आणि गूळभेंडी ही वाणे खास यासाठी राखली जातात. दाणा कोवळा असताना आणखी एक पाहुणा येतो. मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून येणाऱ्या पळसमैना, म्हणजे गावाकडच्या भोरड्या, हजारोंच्या थव्याने ज्वारीवर उतरतात. शेतात माळा बांधून गोफणीने त्या हाकणे हे हिवाळ्यातले पोराबाळांचे काम असे. हे पक्षी टोळांचा आणि नाकतोड्यांचाही फडशा पाडतात, त्यामुळे त्यांचे येणे निव्वळ नुकसानीचे नाही. हरभऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या पानांवरच्या बारीक ग्रंथींतून आम्ल पाझरते, दवात ते विरघळते, आणि पहाटे पिकावरून पातळ फडके फिरवून व ते पिळून पूर्वी घरोघर आंब गोळा केली जाई. पोटदुखीवरचे ते घरगुती औषध होते. कोरड्या, स्वच्छ थंडीतच ते साधते; ढगाळ रात्री दव पडत नाही आणि घाटेअळीचा जोर तेवढा वाढतो.

बागायती पिकांचे थंडीशी नाते अधिक नाजूक आहे. गव्हाला ती हवीच असते; फुटवे चांगले येण्यासाठी आणि दाणा सावकाश भरण्यासाठी लांबलेली थंडी लागते, म्हणून तर निफाडला गव्हाचे केंद्र उभे राहिले. त्याच तालुक्यात द्राक्षबागाही आहेत, आणि द्राक्षाला तीच थंडी जड जाते. ऑक्टोबरच्या गोडीबार, म्हणजे फळासाठीच्या, छाटणीनंतर मणी फुगण्याच्या सुमारास पारा ८-१० अंशांच्या खाली गेला तर फुगवण थांबते आणि पांढऱ्या वाणांत गुलाबी मणी येतात. निर्यातीत असा माल नाकारला जातो. मग रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करणे, पहाटे विहिरीचे कोमट पाणी देणे अशी धडपड सुरू होते. उन्हाळ कांद्याची रोपे लावल्यावर थंडी लांबली तर डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, निघतात. जळगावच्या केळीत घड बाहेर पडतानाच अडकतो. कोकणात मात्र हापूसचा मोहोर फुटण्यासाठी गार रात्री आवश्यक असतात, आणि त्या न आल्या तर झाड पालवीच काढत राहते. एकाच राज्यात एकाच रात्रीची थंडी एका शेतकऱ्याला हवी असते आणि दुसऱ्याला बुडवते.

निसर्गात हिवाळा वेगळ्या रीतीने दिसतो. सागाची आणि सावरीची पानगळ थंडीपेक्षा जमिनीतली ओल कमी होण्यामुळे होते. तापमान घटले म्हणून झाडे विसावतात हे युरोपातले चित्र आपल्या रानांना लागू पडत नाही. आपल्याकडे शिशिर संपायच्या आत पळस आणि पांगारा फुलू लागतात. पाणथळ जागा तर या दिवसांत भरून जातात. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून नांदूर मधमेश्वरचा जलाशय उथळ झाला आणि त्यातून पक्ष्यांचे आश्रयस्थान घडले. पुढे ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक अशा पाहुण्यांसाठी निफाडची पहाट ऊबदारच म्हणायची.

माणसांनी या ऋतूसाठी जे अन्न बसवले, त्यात उष्मांकांचा हिशेब आहे. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, भोगीची वांगी, घेवडा, गाजर, ओला हरभरा आणि बोरांची मिसळीची भाजी, डिंकाचे आणि अहळिवाचे लाडू, तिळगूळ; रायगडकडे भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा भरून मडक्यात भाजलेली पोपटी. चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि रोडगा करून चातुर्मासात सोडलेले वांगे पुन्हा ताटात येते, म्हणून त्या तिथीला वांगेसट असेही नाव पडले. हे सारे मोलाचे आहे, पण ते ज्यांना परवडते त्यांचा हिवाळा आणि ज्यांना परवडत नाही त्यांचा हिवाळा एक नाही. उसाला गारठ्यात साखर भरते, म्हणून गाळपाचा हंगाम हिवाळ्यात येतो. प्रवरानगरला १९५० मध्ये पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखानदारी वाढत गेली, तसतसे बीड, जालना, पाथर्डीकडचे लाखो मजूर दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन जोडप्याने, 'कोयता' म्हणून, फडावर जाऊ लागले. पाचटाच्या कोपीत लेकरे निजवून पहाटे तीन-चारला, दवाने भिजलेल्या आणि धारदार पात्याच्या उसात शिरणारी ही माणसे साखरेच्या समृद्धीच्या वर्णनात क्वचित येतात. सातपुड्यात आणि गडचिरोलीकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना थंडीने वेदनेचे झटके येतात, तेथे एक जास्तीचे पांघरूण हा औषधोपचाराचाच भाग असतो. शहरांत थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून धूर आणि धूळ खालीच राहते, आणि डिसेंबर-जानेवारीत मुंबई-पुण्याची हवा वर्षातली सर्वांत वाईट असते.

गेल्या दोन दशकांत या ऋतूची घडी विस्कटत चालली आहे. अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आकाश ढगाळ राहते, रात्री उबदार होतात आणि हरभऱ्यावर अळी, द्राक्षावर भुरी, मोहोरावर तुडतुडे वाढतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधल्या गारपिटीने मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रातली काढणीला आलेली रब्बी आडवी केली. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाडसह नाशिक जिल्ह्यात गारांनी द्राक्षबागा फोडल्या. त्याच वर्षीचा फेब्रुवारी दिवसाच्या सरासरी कमाल तापमानाच्या हिशेबाने देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण होता, आणि गव्हाचा दाणा भरण्याच्या काळातच उन्हाचा चटका बसला. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते ही म्हण आता अनेक वर्षी आधीच खरी होऊन बसते. थंडी नाहीशी झाली असे नव्हे. नागपूरचा नीचांक २०१८ चाच आहे. तिचा भरवसा मात्र राहिलेला नाही.

या अनिश्चिततेला तोंड देण्यासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा आला. त्यात किमान तापमान ठरावीक मर्यादेखाली सलग काही दिवस राहिले तर केळीसारख्या पिकाला भरपाई मिळते, आणि ते तापमान मोजले जाते महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर. 'महावेध' प्रकल्पातून राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी राहिली, आणि ही मोठीच प्रगती आहे. पण एका मंडळात अनेक गावे येतात, माळ आणि खोरे दोन्ही येतात. केंद्र माळावर असले आणि बाग नदीकाठच्या खोलगट भागात, तर एकाच पहाटे दोन्ही ठिकाणच्या तापमानात काही अंशांचा फरक पडतो. त्यातही केंद्राचा तापमापक पुरुषभर उंचीच्या आसपास असतो आणि कांद्याची पात किंवा हरभऱ्याचे फूल गुडघ्याच्या खाली. बागेत गारठ्याने नुकसान झाले आणि केंद्राचा आकडा मर्यादेच्या वर राहिला, तर शेतकऱ्याचा दावा तेथेच संपतो. केंद्रांच्या जागा ठरवताना खोऱ्यांतले थंड हवेचे साठे विचारात घ्यायला हवेत आणि पिकाच्या उंचीवरचे तापमान निदान नमुन्यादाखल तरी मोजायला हवे. त्यासाठी लागणारे ज्ञान पुण्यातल्या वेधशाळेने १९३२ मध्येच हाती दिलेले आहे.